कर्करुग्णांचे प्रजननक्षमता-जतन : नैतिक प्रश्न

सायक्लोफॉस्फामाइड, बुसल्फान यांसारखी केमोथेरपीची औषधे आणि ओटीपोटावरील रेडिएशन यांनी वंध्यत्व येऊ शकते. म्हणून उपचारांपूर्वी वीर्य, स्त्रीबीजे, भ्रूण किंवा अंडाशयाची ऊती उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात.

पहिला पेच वेळेचा. वीर्याचा नमुना एका दिवसात देता येतो; स्त्रीबीजांसाठी मात्र १० ते १४ दिवस संप्रेरकांची इंजेक्शने लागतात. (स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक चढू नये म्हणून जोडीला लेट्रोझोल देतात.) तीव्र रक्तकर्करोगात इतके थांबणे बहुधा जमत नाही. ‘आधी जीव वाचू दे’ म्हणून डॉक्टर विषयच काढत नाहीत, तेव्हा रुग्णाचा निर्णय त्यांनीच परस्पर घेतलेला असतो.

वयात न आलेल्या मुलीची अंडाशयाची ऊतीच ठेवता येते. तशा मुलग्याच्या वृषण-ऊतीचे जतन अजून प्रायोगिक आहे. सही पालकांची असली, तरी समजत्या मुलाला विचारणे आवश्यक. रक्तकर्करोगात ही ऊती परत बसवताना कर्कपेशीही परत जाऊ शकतात. हे शस्त्रक्रियेआधी सांगितले नाही, तर ती संमती पोकळ ठरते.

भ्रूणावर दोघांचा हक्क असतो. दोन्ही अंडाशये काढलेल्या एका ब्रिटिश स्त्रीच्या जोडीदाराने नाते तुटल्यावर भ्रूण वापरण्याची संमती मागे घेतली. २००७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयातही ती हरली. त्यामुळे काही बीजे फलित न करता वेगळी ठेवणे शहाणपणाचे.

भारतात २०२१ च्या सहाय्यित जननतंत्रज्ञान कायद्याने भ्रूण कमाल १० वर्षे ठेवता येतो. स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन हे औषध ५ ते १० वर्षे चालते आणि ते घेताना गर्भधारणा टाळावी लागते. म्हणजे मुदतीतला मोठा वाटा गोळ्यांतच सरतो.

संमतीपत्रातला ‘मृत्यूनंतर काय?’ हा रकाना सर्वांत घाईत भरला जातो. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कर्करोगाने गेलेल्या अविवाहित तरुणाचे गोठवलेले वीर्य आईवडिलांना देण्याचा आदेश दिला : संमती दाखवता आली, तर मरणोत्तर प्रजननाला कायद्याची बंदी नाही. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे उलटे प्रकरण आले. मृत मुलाने ‘नष्ट करावे’ हा पर्याय निवडला होता. त्याने घरी विचारले नव्हते, असे आईचे म्हणणे. न्यायालयाने नमुना तूर्त जपायला सांगितले. पण घरी न विचारणे हा संमतीतला दोष कसा ठरेल? शरीर त्याचे होते.