स्टीफन हायमर
स्टीफन हायमर (१९३४–१९७४) हे कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ. एखादी कंपनी स्वतःचा देश सोडून परक्या मुलखात कारखाना का काढते, हा प्रश्न नीट मांडला तो ह्यांनी, आणि तोसुद्धा पीएचडी करतानाच.

जन्म मॉन्ट्रियलचा, शिक्षण मॅकगिलमध्ये, मग अमेरिकेत एमआयटीत अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स किंडलबर्गर ह्यांच्या हाताखाली थीसिस, तो १९६० ला पूर्ण झाला. तोवर सगळे धरून चालायचे की जिथे व्याज कमी तिथून पैसा जास्त व्याजाच्या देशात जातो, झालं. हायमरनी आकडे बघितले तर हे बसेचना, कारण अमेरिकन कंपन्या परदेशातल्या कारखान्यांसाठी बराच पैसा तिथल्याच बाजारातून उचलत होत्या, उलट दिशेने परदेशी कंपन्याही अमेरिकेत येत होत्या, आणि हे सगळं ठराविक धंद्यांतच जास्त दिसत होतं. म्हणजे खरी गोष्ट व्याजाची नाही, परदेशातला धंदा स्वतःच्या हातात ठेवण्याची, कंट्रोलची. परक्या देशात कायदे, भाषा, गिऱ्हाईक सगळंच नवीन, स्थानिक कंपनीला ते फुकट माहीत असतं, तरी बाहेरची टिकते कारण तिच्याकडे पेटंट, ब्रँड किंवा तंत्र असं काहीतरी खास असतं. दुसरं कारण जास्त बोचरं: वेगवेगळ्या देशांतल्या प्रतिस्पर्ध्यांना एका मालकीखाली आणलं की स्पर्धाच संपते.

पुढे येलमध्ये शिकवलं, घानामध्येही काम केलं. कॅनडातल्या परदेशी मालकीवरच्या वॉटकिन्स रिपोर्टच्या (१९६८) टीममध्येही ते होते. मग मार्क्सवादाकडे वळले आणि येल सोडून न्यूयॉर्कच्या न्यू स्कूल ह्या विद्यापीठात गेले. ह्याच काळात त्यांनी असमान विकासाचा नियम मांडला: मल्टिनॅशनल कंपन्या जगाला आपल्या ऑफिससारखं वरखाली रचतात, मोठे निर्णय आणि मोठे पगार न्यूयॉर्क-लंडनसारख्या मोजक्या शहरांत, देखरेख त्याखालच्या शहरांत, आणि रोजचं काम बाकीच्या जगात. पन्नास वर्षांपूर्वीचं हे लिखाण आजही वाचायलाच हवं असं आहे.

१९७४ मध्ये कार अपघातात ते गेले, वय फक्त ३९. थीसिस पुस्तक म्हणून आला तो १९७६ मध्ये, लिहून झाल्यावर सोळा वर्षांनी. जॉन डनिंगसारख्या पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यातला कंपनीच्या खास ताकदीचा मुद्दा उचलून मोठा केला आणि अभ्यासक्रमातही बहुतेक तोच येतो, मक्तेदारीचा मुद्दा मात्र मागे पडला, खरं तर हायमरना दोन्ही एकत्रच म्हणायचे होते.