पोहता येत नाही म्हणून नौदल नाही?

लातूर-बीडकडं पोरगं नौदलात जायचं म्हणालं की कुणीतरी टोमणा मारतंच, "विहिरीत पोहता येईना, समुद्रात काय करशील?" समज जुना, पण खोटा. भरतीच्या शारीरिक चाचणीत 1.6 किलोमीटर धावणं, उठाबशा, पुशअप्स असतात; पोहणं नसतं. ते ओडिशातल्या आयएनएस चिल्का या किनाऱ्यावरच्या नौदल केंद्रात प्रशिक्षणात शिकवतात. आधीच येत असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. पोरं खरी बुडतात ती लेखी परीक्षेतल्या गणित-विज्ञानात.

पाणबुडीवर तर स्वखुशीनंच जायचं असतं. तिचं प्रशिक्षण विशाखापट्टणमच्या आयएनएस सातवाहन या केंद्रात होतं. (सातवाहनांची राजधानी आपलं पैठण, हे इकडं किती जणांना माहीत आहे?) बुडालेल्या पाणबुडीतून सुटायचं कसं, याचाही तिथं सराव असतो. त्यात हातपाय मारण्यापेक्षा डोकं शांत ठेवणं मोठं. वर येताना दाब घटतो, छातीतली हवा फुगते; श्वास कोंडून धरला तर फुप्फुसं फाटू शकतात.

डिझेल पाणबुडीवर गोडं पाणी मोजूनमापून, रोजच्या अंघोळीचं नाव नको. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पुरवून वापरणाऱ्या लातूरकराला त्याचं काय कौतुक!