शाश्वत नगरविकास (कोल्हापूर)

शहर वाढताना पुढच्या पिढीच्या वाट्याचे पाणी, जमीन व हवा आजच संपू नये, अशा बेताने केलेली नगररचना म्हणजे शाश्वत नगरविकास. 1987 च्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुन्टलँड आयोगाच्या अहवालानंतर शाश्वत विकासाची कल्पना जगभर रूढ झाली. कोल्हापुरात तिची परीक्षा पंचगंगा नदी घेते. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट व धोका पातळी 43 फूट आहे. 2019 मध्ये पाणी 55 फुटांवर आणि 2021 मध्ये 56 फुटांवर गेले.

पूररेषा : निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित. ‘100 वर्षांतून एकदा’ याचा अर्थ ‘आता 99 वर्षे निवांत’ असा घेतला जातो, तो चुकीचा आहे. दर वर्षी 1 टक्का शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के, तर निळ्या रेषेपर्यंत येण्याची सुमारे 71 टक्के भरते.

नियंत्रित क्षेत्रात जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर ठेवावी लागते. ही उंची खांबांवर गाठली तर पाणी खालून निघून जाते. भराव टाकून गाठली तर ते शेजाऱ्याच्या दारात जाते. 10 गुंठ्यांवर 1 मीटर भराव म्हणजे दाबून बसलेला सुमारे 357 ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) मुरूम आणि पुराच्या 10 लाख लिटर पाण्याची गेलेली जागा. एका प्लॉटने फारसे बिघडत नाही, म्हणूनच प्रत्येक प्लॉटला परवानगी मागितली जाते.

नाले : नदी चढली की जयंती आणि दुधाळी नाल्यांचे पाणी नदीत उतरत नाही. फुगवटा मागे सरकत जातो आणि नदीपासून दूर असलेल्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या वस्त्यांत शिरतो. पात्रात राडारोडा टाकलेला असेल किंवा मोरी अरुंद असेल, तर फुगवटा लवकर येतो व उशिरा ओसरतो. त्यामुळे गाळ पावसाआधी काढावा, आणि काढलेला काठावरच ठेवू नये. पहिल्या वळवात तो परत आत जातो.

सांडपाणी : घरात आलेल्या पाण्याचा सुमारे 80 टक्के भाग सांडपाणी होतो. माणशी रोज 135 लिटर पुरवले, तर 108 लिटर शुद्ध करण्याची सोय हवी. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचे पाणी 2023 मध्ये शहरात आले. त्याआधी पुरात नदीकाठचे उपसा पंप बुडायचे आणि चहूकडे पाणी असताना नळ कोरडे राहायचे. ती अडचण कमी झाली, पण पाणी वाढले की ड्रेनेजही वाढते. कसबा बावड्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची क्षमता रोज 76 दशलक्ष लिटर आहे. नाल्यावरचे पंप बंद पडले, तर मैला त्या केंद्रापर्यंत न पोहोचता सरळ नदीत जातो.

पाऊसपाणी : 100 चौरस मीटर छतावर 1,000 मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती वजा जाता साधारण 80,000 लिटर हाती लागते. शोषखड्डा काळ्या मातीतच थांबला तर तुंबतो. तो मुरमापर्यंत न्यावा लागतो. नदीकाठच्या पेठांत पावसाळ्यात भूजल वर असल्याने खड्डा पाणी घेत नाही, तिथे टाकीच बांधावी.