मुडदे पडत, सुतक कोणी पाळत नसे

घरातलं कोणीतरी गेलेलं, मूल एकटं पडलेलं आणि रात्री खिडकीशी काहीतरी आलेलं. कुमारवयीन वाचकांसाठीच्या गॉथिक, म्हणजे जुने वाडे, काळोख आणि अमानवी शक्तींच्या, भयकथांचा हा साचा हल्लीचा वाटतो. मृत्यू मात्र या प्रकारात पहिल्या पानापासून आहे.

होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' (१७६४) ही पहिली गॉथिक कादंबरी मानतात. पंधरा वर्षांचा कॉनराड स्वतःच्या लग्नाच्या दिवशीच एका अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो. बाप मॅनफ्रेड टिपूस गाळत नाही. त्याला घोर वंशाचा. त्याच संध्याकाळी तो मुलाच्या नवरीला स्वतःसाठी मागणी घालतो!

शोक आला तो मेरी शेलीबरोबर. ती जन्मली आणि दोन आठवड्यांच्या आत तिची आई गेली. १८१५मध्ये तिची पहिली मुलगी अपुऱ्या दिवसांची झाली, तीही दगावली. त्यानंतर मेरीने रोजनिशीत एक स्वप्न टिपलंय: बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीपाशी चोळल्यावर ते जिवंत झालं. पुढच्या वर्षी, अठरा वर्षांची असताना, तिने 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतली. तिचा नायक व्हिक्टर विद्यापीठात जायच्या तोंडावर त्याची आई तापाने जाते आणि तिथे तो मेलेल्यात जीव ओतायच्या मागे लागतो. ही फक्त विज्ञानाच्या घमेंडीची गोष्ट, असं म्हणणं मला अपुरं वाटतं.

मधला काळ इथे ओलांडू. १९८९पासून 'फिअर स्ट्रीट'सारख्या मालिकांनी शाळकरी वाचक भयकथेकडे ओढला. त्यांत मुडदे भराभर पडत, सुतक कोणी पाळत नसे. वेग हवा असेल तर त्या झकासच आहेत.

'अ मॉन्स्टर कॉल्स' (२०११) वेगळ्या वाटेने आली. मूळ कल्पना शिवॉन डाउडची. २००७मध्ये ती कॅन्सरने गेली, मग पॅट्रिक नेसने ती कादंबरी लिहिली. तेरा वर्षांच्या कॉनरची आई आजारी आहे. रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी यू वृक्षाचा राक्षस येतो, तीन गोष्टी सांगतो आणि चौथी कॉनरकडून मागतो. ती कबुली कॉनरला राक्षसापेक्षा भयंकर वाटते: आईचं हे सगळं एकदाचं संपावं, असं त्याला वाटलं होतं. मॅनफ्रेडच्या वाड्यात मेलेल्या मुलाला बोलायची संधीच नव्हती; इथे राक्षस येतो तोच मुलाला बोलतं करायला. लेखनासाठीचं कार्नेगी आणि चित्रांसाठीचं ग्रीनअवे ही बालसाहित्याची दोन्ही ब्रिटिश पदकं या एकाच पुस्तकाला २०१२मध्ये मिळाली. असं आधी कधी झालं नव्हतं.