लेसरआधी कॉर्नियाचं गणित

लातूरला क्लासला असलेली आमची भाची अठरा पूर्ण होताच मागे लागली, "मावशी, लेसर करून चष्मा घालवू या." नंबर उणे आठ. दहावीत तो सहा होता. नंबर किमान वर्षभर एका जागी थांबल्याशिवाय लेसर करू नये, नाहीतर चष्मा पुन्हा लागतो.

तपासणीत दुसरीच अडचण निघाली. लेसर डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, झिजवून त्याला नवा आकार देतो. हा पडदा मध्यभागी असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर, साधारण 540 मायक्रॉन. भाचीचा 470 भरला. लॅसिक या लेसरच्या नेहमीच्या पद्धतीत आधी 110 मायक्रॉनच्या आसपासचा पापुद्रा उचलतात. मग एका नंबरामागे सुमारे 14 मायक्रॉन जातात, आठाचे झाले 112. खाली उरतात 248. तिथे निदान 250 तरी हवेतच, आणि बरेच डॉक्टर त्याहून जास्त राखतात. पडदा फार पातळ झाला तर डोळ्यातल्या दाबाने तो पुढे फुगू शकतो, मग चष्म्यानेही धड दिसत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "डोळे चोळतेस का?" चोळते ना! गावी सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुसकटाने डोळे खाजतात आणि ती बोटांच्या पेरांनी खसाखसा चोळते. वर्षानुवर्षं असं चोळण्याचा केराटोकोनसशी, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा टोकदार होण्याशी, संबंध आहे. सुरुवातीचा केराटोकोनस साध्या नंबर-तपासणीत सुटून जातो, टोपोग्राफीच्या, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या, रंगीत नकाशात सापडतो. हा नकाशा न काढता ऑपरेशनची तारीख देत असतील तर सरळ उठून या. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर नकाशाच चुकतो.

लॅसिकमध्ये कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात, म्हणून पुढचे काही महिने डोळे कोरडे पडतात. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात ते फार जाचतं. माझं मत विचाराल तर आपल्याकडे दिवाळीनंतरचे दिवस बरे. गरोदर असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना थांबावं. चाळिशीचा वाचायचा चष्मा मात्र लेसरनंतरही लागतो. आणि नंबर गेला तरी मोठ्या उणे नंबरात लांबट झालेला डोळा लांबटच राहतो, तेव्हा डोळ्याच्या आत मागे असलेल्या रेटिनाची तपासणी चुकवू नका.

भाची त्या दिवशी रडली. नंबर स्थिरावला आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पुरेशी जागा असली, तर आत बसवायच्या लेन्सचा विचार करता येईल. त्यात कॉर्निया झिजवावा लागत नाही. सध्या खाज सुटली की तिचा हात डोळ्याकडे जातो आणि मी खाजेच्या थेंबांची बाटली पुढे करते.