सेनापती आणि त्यांचे इतिहासकार

चीनच्या जुन्या सेनापतींविषयी आज जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे एकाच ग्रंथातून आलेले आहे: हान राजवटीतला इतिहासकार सिमा छियान याचा 'शिजी' हा इतिहासग्रंथ. एकूण 130 प्रकरणे, त्यातली 70 चरित्रांची. त्याआधीच्या 'वसंत-शरद' इतिवृत्तात (इ.स.पू. 722 ते 481) मोठी लढाईसुद्धा एका ओळीत संपते. त्यावरचे भाष्य मानल्या जाणाऱ्या 'झुओ झुआन'ने त्या ओळींमागचे डावपेच सांगितले. पण एकेक माणूस घेऊन त्याचे आयुष्य उलगडायचे, ही पद्धत खऱ्या अर्थाने 'शिजी'ने रुजवली.

हा लेखक रणांगणापासून दूर बसलेला कारकून नव्हता, निदान घराण्याने तरी नाही. त्याचा पूर्वज सिमा त्स्वो हा छिन राज्याचा सेनापती. त्स्वोचा नातू सिमा जिन हा बाई छीच्या हाताखाली होता. बाई छी म्हणजे इ.स.पू. 260 मध्ये चांगपिंगला शरण आलेले झाओ या शत्रुराज्याचे सैन्य मारून पुरणारा सेनापती. 'शिजी' मृतांचा आकडा चार लाखांच्या वर देतो. अनेक अभ्यासकांना तो फुगवलेला वाटतो. पुढे राजाची मर्जी फिरली आणि बाई छीला आत्महत्येचा हुकूम झाला. सिमा जिनलाही त्याच्याबरोबरच मरावे लागले. चांगपिंगच्या संहारात आपल्या पूर्वजाचा हात होता, हे सिमा छियानने स्वतःच्या घराण्याची हकिगत देताना लिहून ठेवले आहे. लपवता आले असते.

इ.स.पू. 99 मध्ये ली लिंग हा हान सेनापती पाच हजारांचे पायदळ घेऊन शिओंग्नू या उत्तरेकडच्या भटक्या लोकांच्या मुलखात शिरला. कितीतरी पट मोठ्या घोडदळाने त्याला गाठले. तो लढत मागे हटत राहिला, पण बाण संपले, कुमक आली नाही, आणि तो शरण गेला. कालपर्यंत त्याचे गोडवे गाणारा दरबार त्याच्यावर तुटून पडला. सिमा छियान तेव्हा दरबारात ज्योतिष आणि कालगणना सांभाळत होता. ली लिंगशी त्याची फारशी जवळीक नव्हती. तरी सम्राटाने विचारल्यावर त्याने त्याची बाजू घेतली. त्या मोहिमेचा मुख्य सेनापती ली ग्वांगली हा सम्राटाच्या लाडक्या राणीचा भाऊ, त्यामुळे हे बोलणे त्याच्यावरचा टोमणा ठरले. शिक्षा झाली मृत्युदंडाची. पैसे भरून सुटता आले असते, पण तेवढे पैसे नव्हते. दुसरा पर्याय होता खच्चीकरण. त्या काळी प्रतिष्ठित माणूस त्यापेक्षा मरण पत्करी. वडील सिमा तान यांनी मरताना सोपवलेला ग्रंथ अपुरा होता, म्हणून त्याने ती शिक्षा स्वीकारली. रेन आन या परिचिताला लिहिलेल्या पत्रात त्याने हे सारे सांगितले आहे.

हे ठाऊक असले की सेनापतींची प्रकरणे वेगळी दिसू लागतात. ली लिंगचे आजोबा ली ग्वांग सत्तरहून अधिक लढाया लढले, पण जहागिरी मिळाली नाही. इ.स.पू. 119 च्या मोहिमेत वाट चुकली आणि चौकशीला तोंड देण्याऐवजी त्यांनी स्वतःला संपवले. त्यांच्यावरचे प्रकरण ग्रंथातल्या सर्वांत जिव्हाळ्याच्या प्रकरणांपैकी एक आहे. उलट ज्यांनी खरोखर शिओंग्नूंना हटवले, त्या वेई छिंग आणि हुओ छूबिंग यांची हकिगत बरीचशी कोरडी, मोहिमा आणि बक्षिसांची यादी वाटावी अशी. हा पक्षपात आहे, आणि तो मानूनच वाचावे. हान राजवटीच्या संस्थापकाकडून हरलेल्या शियांग यूला त्याने थेट सम्राटांच्या विभागात बसवले, हाही त्यातलाच प्रकार. पण मरताना 'दैवानेच माझा घात केला' म्हणणाऱ्या याच वीराला त्याने शेवटी खडसावलेही आहे.

मात्र पक्षपाती म्हणून सगळेच त्याज्य ठरत नाही. सुन वू (म्हणजेच सुन त्झू) आणि सुन बिन या दोघांचेही युद्धग्रंथ असल्याचे 'शिजी' सांगतो. दुसरा हरवल्यामुळे शतकानुशतके शंका घेतली गेली. 1972 मध्ये शानडोंगमधल्या यिन्छ्वेशान इथल्या हानकालीन थडग्यांत दोन्ही मजकूर बांबूच्या पट्ट्यांवर सापडले.

सिमा छियानचे ते पत्र आपल्यापर्यंत पोहोचले ते बान गू या नंतरच्या इतिहासकाराच्या 'हानशू' या हान राजवटीच्या इतिहासामुळे. हा बान गू इ.स. 89 मध्ये सेनापती दोउ श्येनबरोबर उत्तरेच्या मोहिमेवर गेला आणि विजयाचा शिलालेख त्यानेच रचला. तीन वर्षांनी दोउ श्येनचे पारडे फिरले, बान गू पकडला गेला आणि तुरुंगातच मेला. अपुरा 'हानशू' पुरा करण्यात त्याची बहीण बान झाओ हिचा मोठा वाटा होता. मंगोलियातल्या एका कड्यावरचा लेख म्हणजे बान गूने रचलेला तोच विजयलेख असल्याची ओळख 2017 मध्ये पटली.