वायरलेस बटण अधूनमधून चालत नसेल तर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरातील दिवा तारेविना लावणारे-विझवणारे वायरलेस बटण कायमचे बंद पडले तर दोष शोधणे सोपे असते. ते चार वेळा चालून पाचव्यांदा चालत नाही, तेव्हा खरी अडचण होते, कारण माणूस लगेच पुन्हा दाबतो, पहिल्या वेळचा संदेश उशिरा पोहोचून दिवा लागतो आणि पाठोपाठ आलेला दुसरा संदेश तोच दिवा विझवतो. दाबणाऱ्याला मात्र बटण दोन्ही वेळा चाललेच नाही असे वाटते. म्हणून पहिली विनंती अशी की, तपासणी करताना बटण एकदाच दाबावे आणि पाच सेकंद थांबावे. दिवा उशिरा लागतो की लागतच नाही, हे एवढ्याने कळते, आणि या दोन्ही दोषांची कारणे सहसा वेगवेगळी असतात.

बटण दाबल्यावर आतील संपर्क जुळतो, झोपलेली चिप जागी होते, रेडिओ संदेश पाठवतो, तो हबला, म्हणजे घरातील सर्व स्मार्ट उपकरणे जोडणाऱ्या मुख्य यंत्राला, मिळतो आणि आपण ॲपमध्ये ठरवलेल्या नियमाप्रमाणे हब दिव्याला आज्ञा देतो. दोष यांपैकी नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवल्याशिवाय काहीही बदलू नये. बहुतेक बटणांवर बारीकसा निर्देशक दिवा असतो. दाबल्यावर तो लुकलुकलाच नाही, तर दोष सेलमध्ये किंवा संपर्कात शोधावा. तो लुकलुकला, पण ॲपमधील नोंदींत त्या दाबण्याची नोंद नसेल, तर संदेश वाटेत हरवला आहे. नोंद दिसते आणि तरीही दिवा लागत नाही, अशा वेळी बटण निर्दोष असून पुढील नियम किंवा दिवाच तपासायला हवा.

सेलबद्दल आम्हाला जरा विस्ताराने सांगायचे आहे, कारण आमच्याकडे आलेली कितीतरी बटणे नवा सेल घालताच नीट चालू लागतात आणि ग्राहकाचा हेलपाटा व्यर्थ जातो. ॲपमध्ये सेल साठ टक्के भरलेला दिसतो, म्हणून तो चांगला आहे असे समजू नये. हा आकडा बहुधा व्होल्टेजवरून काढलेला असतो, आणि बटणांत वापरल्या जाणाऱ्या नाण्याच्या आकाराच्या लिथियम सेलचे व्होल्टेज आयुष्याचा बराच काळ जवळजवळ स्थिर राहून शेवटी झपाट्याने उतरते. शिवाय सेल जुना होतो तसा त्याचा आतला रोध वाढतो. बटण झोपलेले असताना त्याला काही मायक्रोॲम्पियर एवढाच प्रवाह लागतो, पण संदेश पाठवताना क्षणभर कित्येक मिलिॲम्पियर लागतात, आणि नेमक्या त्या क्षणी थकलेल्या सेलचे व्होल्टेज खाली बसते. बाहेर काढून मल्टिमीटर लावल्यास तोच सेल जवळजवळ ३ व्होल्ट दाखवतो, त्यामुळे अनुभवी माणूसही फसतो. थंडीत हा रोध आणखी वाढत असल्यामुळे पहाटे न चालणारे बटण दुपारी सुरळीत चालत असेल, तर सर्वांत आधी सेल बदलावा.

सेल घेताना त्यावरील क्रमांक वाचावा. सीआर२०३२ आणि सीआर२०२५ हे दोन्ही सेल २० मिलिमीटर व्यासाचे आणि ३ व्होल्टचेच असतात, पण पहिल्याची जाडी ३.२ मिलिमीटर, तर दुसऱ्याची २.५ मिलिमीटर असते. पातळ सेल खाचेत बसल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात मात्र सैल राहतो आणि बोटाच्या दाबाने त्याचा संपर्क कधी जुळतो, कधी सुटतो. पुन्हा चार्ज होणारा एलआयआर२०३२ आकाराने सारखाच असला तरी पूर्ण चार्ज झाल्यावर त्याचे व्होल्टेज ४.२ पर्यंत जाते. तो या बटणांत अजिबात घालू नये. मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून काही उत्पादक त्यावर कडू लेप देतात. हा लेप आम्हाला योग्यच वाटतो, मात्र काही बटणांत तो संपर्काच्या आड येतो. तसे आढळल्यास लेप नसलेला सेल वापरून पाहावा. जुना सेल काढल्यावर बटण पाच-सहा वेळा दाबावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो, आणि त्यानंतर नवा सेल कोरड्या कापडाने पुसून घालावा.

लहान मुलाने सेल गिळल्यास अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. काढलेला सेल क्षणभरही उघडा ठेवू नये, आणि मुलाने तो गिळल्याची नुसती शंका आली तरी त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

सेल चांगला असूनही नोंद होत नसेल, तर बटणाची जागा पाहावी. आमची बटणे झिग्बी या, स्मार्ट उपकरणांसाठीच्या कमी शक्तीच्या रेडिओ पद्धतीने २.४ गिगाहर्ट्झवर संदेश पाठवतात. या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते, आणि भिंतींवरून परतलेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना मारक ठरत असल्यामुळे बटण चार बोटे सरकवल्यानेही फरक पडतो. धातूचे कपाट, फ्रिजचे दार, लोखंडी चौकट किंवा मोठा आरसा यांवर बटण चिकटवू नये. तेथेच लावणे भाग असेल, तर मागे जाड लाकडी पट्टी ठेवून बटण धातूपासून दूर करावे.

पुष्कळदा दुर्लक्षित राहणारे एक कारण असे आहे. झिग्बी बटण नेहमीच थेट हबशी बोलत नाही. जवळच्या, कायम विजेवर असणाऱ्या एखाद्या उपकरणाचा, बहुधा स्मार्ट बल्बचा किंवा प्लगचा, ते आधार घेते. घरातील कोणी त्या बल्बचा भिंतीवरील स्विच बंद केला की हा आधार नाहीसा होतो. बटण मग काही वेळा प्रयत्न करून नवा आधार शोधते आणि तोपर्यंतचा संदेश वाया जातो. पहिल्यांदा दाबलेले व्यर्थ आणि दुसऱ्यांदा दाबलेले लागू, असे नेमाने होत असेल, तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. अशा बल्बचा स्विच कायम चालू ठेवावा किंवा मध्ये एक स्मार्ट प्लग बसवावा. काही बटणे आपणहून नवा आधार शोधत नाहीत. ती हबजवळ न आणता, जेथे वापरायची तेथेच उभे राहून ॲपमधून पुन्हा पेअर करावीत, म्हणजे नव्याने जोडावीत.

घरातील वायफायही बहुतेक वेळा याच पट्ट्यात चालते. हबचे झिग्बी चॅनल ११ ते १४ यांपैकी असेल, तर वायफायचे चॅनल १ त्यावर जवळजवळ तंतोतंत येते. अशा वेळी राउटर चॅनल ६ किंवा ११ वर न्यावा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. झिग्बीचे चॅनल बदलण्यापेक्षा हा उपाय सोपा, कारण झिग्बीचे चॅनल बदलल्यावर झोपलेली उपकरणे कधी कधी मागे राहतात आणि एकेक करून पुन्हा जोडावी लागतात. ज्यांचा हब म्हणजे संगणकाच्या यूएसबी पोर्टला लावलेला छोटा रेडिओ, अर्थात डोंगल आहे, त्यांनी तो यूएसबी ३.० पोर्ट आणि बाहेरची डिस्क यांच्यापासून एक मीटरच्या केबलने दूर ठेवावा, कारण या पोर्टमधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्येच पडतो. मायक्रोवेव्ह चालू असतानाच बटण दगा देत असेल, तर कारण वेगळे शोधण्याची गरज नाही.

नोंद वेळेवर होते, पण दिवा उशिरा लागतो, अशी तक्रार असेल, तर ॲपमध्ये ‘दोनदा दाबणे’ ही सोय चालू आहे का ते पाहावे. ती चालू असताना दुसऱ्यांदा दाबले जाते का याची काही बटणांना वाट पाहावी लागते आणि तेवढा उशीर होतो. नियम हबवरच न चालता इंटरनेटवरून फिरून येत असेल, तरीही उशीर होतो. दिवा लावणे आणि विझवणे ही कामे एकाच दाबण्यावर न सोपवता शक्य तेथे वेगवेगळी नेमून द्यावीत, असा आमचा आग्रह आहे, म्हणजे चुकून दोनदा दाबले तरी लागलेला दिवा विझत नाही.

इतके करूनही दोष गेला नाही, तर बटण आमच्याकडे अवश्य पाठवावे. सोबत एका कागदावर निर्देशक दिवा लुकलुकतो का, ॲपमध्ये नोंद होते का आणि दिवसाच्या कोणत्या वेळी त्रास जास्त होतो, हे लिहावे. सेल मात्र काढून, त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, वेगळ्या पाकिटात ठेवावा.